खालानं दही विरजलं नाही

अमीना खालानं माझी पोरगी परत आणली. हे आधी लिहून ठेवते, बाकीचं मागून. मी सांगायला बसले की पहिल्यांदा भीतीच सांगत सुटते, आणि ज्यानं हात दिला त्याचं नाव शेवटी राहूनच जातं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

आमचं गाव सेनगावच्या अलीकडं. आत्ता मी तिथं नाही. साखर कारखान्याच्या तळावर आहे, गावापासून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. ऊस भरून गाडी गेली की दुसरी येईपर्यंत दुपारी थोडा वेळ मिळतो, त्यात लिहिते. माझी शाळा सातवीत सुटली. ज्योती, माझी मुलगी, आता दहावीला आहे आणि ती गावात खालाच्या घरी राहते. फोन वाजला की माझ्या हातातला कोयता खाली पडतो. फोन बहुतेक वेळा मुकादमाचाच असतो.

खाला म्हणजे मावशी. पण अमीना बीला गावातले तिच्याहून मोठे लोकसुद्धा खालाच म्हणतात. तिचे वडील हकीम होते. औंढ्याहून, हिंगोलीहून लोक बैलगाड्या जुंपून त्यांच्याकडं यायचे म्हणे. ते गेले तेव्हा खालाकडं एक बारीक खणांचं कपाट राहिलं, एक खलबत्ता, एक म्हैस आणि गावाच्या खालच्या अंगाला चार एकर रान. ती दुकान चालवते असं म्हणायचं, पण दुकान म्हणजे ओटाच. बडीशेप, हिंग आणि सुकवलेल्या डाळिंबाच्या सालीचा वास. जाड भिंगाचा चष्मा सुतळीनं डोक्याला बांधलेला. तिचं लग्न झालं होतं, दोन वर्षं. त्याच्यापुढं ती बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू.

ती कुणाला नावानं हाक मारत नाही. ज्याला जो आजार, तेच त्याचं नाव. "ए कंबर, बस तिथं." "काय रे पित्त, आज बी उपाशी आलास?" माधवराव म्हणून गावातले मोठे शेतकरी आहेत, दोनदा सरपंच झालेले. त्यांना ती भर चावडीपुढं "काय मूळव्याध, कसं काय?" म्हणायची आणि ते मान खाली घालून हसायचे. आमचे मालक, म्हणजे ज्योतीचे वडील, बिडी ओढतात, ते "खोकला." मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. भांडं पडलं तरी छातीत धडधड व्हायची. तिनं नाडी धरली, डोळे मिटले. मला वाटलं, आता काही तरी वाईट सांगते.

"दवा न्हाई ह्याला," ती म्हणाली. "डर हाय हा. डर लागला की हात हलवायचे. घे."

आणि खलबत्ता माझ्यापुढं सरकवला. सुंठ होती त्यात. मी कुटत बसले. त्या दिवसापासून मी "धडधड."

ती स्वतः काही शूर नव्हती. पाल दिसली की ओटा सोडून रस्त्यावर यायची आणि कुणी तरी ती हाकलेपर्यंत गिऱ्हाईक रस्त्यावरच घ्यायची. वीज कडाडली की पलंगाखाली शिरून "या अल्ला, या अल्ला" करायची, पण सोबत लसणाचं ताट घेऊन जायची. वीज थांबेपर्यंत लसूण सोलून झालेला असायचा.

हकीमसाहेबांची पुस्तकं होती, सगळी उर्दू. त्यातलं एक पुठ्ठा गेलेलं पुस्तक मात्र औषधांचं नव्हतं. त्यांची दवा यूनानी, म्हणून त्यांनी कधी तरी हैदराबादेहून यूनानच्या, म्हणजे ग्रीसच्या, जुन्या गोष्टींचं पुस्तक आणलं होतं. खालाला त्यातली एकच गोष्ट आवडायची. तोंडपाठ होती, तरी पुस्तक उघडून मांडीवर घ्यायची, उजवीकडून एकेक पान उलटायची आणि त्याच्याकडं न बघता सांगायची. दिमितर नावाच्या देवीची गोष्ट.

कुणी तरी टोकायचंच. "खाला, ही कुठली देवी काढलीस आता?"

"यूनानची."

"आपल्याला काय करायची ती?"

"दवा यूनानची चालती, देवी काहून चालत न्हाई? ती बी रानाचीच हाय. गहू, जव, समदं तिच्या हातचं."

ज्योती सहावीत असताना आम्ही दोघी एका दुपारी तिच्याकडं डाळिंबं सोलायला बसलो होतो. साल औषधाला, दाणे पोरांना. तेव्हा ज्योतीनं ती गोष्ट पहिल्यांदा पूर्ण ऐकली.

"देवीची एकच पोरगी," खाला म्हणाली. "मैत्रिणींसंगं फुलं तोडून राहिली होती. तर तिला एक नरगिसाचं फूल दिसलं, तसलं कुणी कधी पाह्यलंच न्हाई. तिनं हात घातला आन् जमीन फाटली. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात ना, तशी. भेगेतून रथ आला, काळी घोडी. पाताळाचा राजा. उचलली पोरगी, गेला. भेग पुन्हा बंद."

"तिचा बाप कुठं होता?" ज्योतीनं विचारलं.

"बापानंच दिली होती. आईला न विचारता."

मला ती गोष्ट तेव्हाच ऐकवेना. पण खाला सांगत राहिली. आईनं पोरीची किंकाळी ऐकली. नऊ दिवस न जेवता, न न्हाता, दोन्ही हातांत पलिते घेऊन हिंडली. कुणी सांगेना. सूर्यानं तेवढं वरून पाहिलं होतं, त्यानं सांगितलं. मग ती म्हातारीचं रूप घेऊन एका विहिरीपाशी जाऊन बसली. तिथल्या पोरींनी तिला घरी नेलं. चांगलं आसन दिलं, बसली नाही. जेवण दिलं, घेतलं नाही. त्या घरातल्या एका मोलकरणीनं तिला असली काही फाजील थट्टा ऐकवली की देवीला हसू आलं, आणि मग ती जवाचं पुदिना घातलेलं पाणी प्याली. "आमच्या अब्बांच्या दवेत बी जवाचं पाणी हाय," खाला मध्येच म्हणायची, जणू त्यावरून गोष्ट खरी ठरत होती.

त्या घरचं तान्हं लेकरू देवी सांभाळायची. त्याला अमर करावं म्हणून रोज विस्तवात धरायची. एकदा त्याच्या आईनं पाहिलं आणि ती किंचाळली. देवी रागावली, लेकरू अमर व्हायचं राहिलं.

"म्हंजे आईनंच घात केला," मी म्हणाले.

खालानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "लेकरू विस्तवात पाह्यल्यावर जी ओरडत न्हाई ती आई कसली? ती घाबरली ते बराबर केलं. देवीला काय, तिचं कुठं ते लेकरू होतं."

शेवटी देवीनं हात आखडला. बी पेरलं तरी उगवेना. माणसं उपाशी, मग देवांचेही नैवेद्य बंद. तेव्हा कुठं देव हलले आणि पोरीला सोडायला लावलं. पण पोरगी तिथं डाळिंबाचे दाणे खाऊन बसली होती. म्हणून वर्षातले काही महिने तिला खाली जावं लागतं, तेवढे महिने आई रानाला काही देत नाही.

"परक्या घरी खाल्लं की माणूस त्या घरचं होतं," खाला म्हणाली. "पाणी प्यावं. दाणा तोंडात घालू न्हाई."

ज्योतीच्या तोंडात तेव्हा डाळिंबाचेच दाणे होते. ती चावायची थांबली.

आता सीतादहीचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडं कापूस फुटला तरी एकदम वेचायला लागत नाहीत. आधी बायका रानात जातात, एका कोपऱ्यात पाच खडे मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात, सीतामाईला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, थोडं दही पऱ्हाटीवर शिंपडतात. कापूस दह्यासारखा पांढरा निघावा म्हणून. मग दोन घास खाऊन पहिलं बोंड वेचायचं. सीतामाई म्हणजे नांगराच्या तासात सापडलेली आणि शेवटी जमिनीतच गेलेली. ज्योतीनं एकदा खालाला विचारलं होतं, "हिला बी जमिनीनंच नेलं. मग हिची आई कुठं होती?" खाला म्हणाली, "हिची आई जमीनच. ती आपल्या घरी गेली."

आमच्या गावात सीतादहीचं दही खालाच्या घरून येतं. कधी तरी साथीत गावातली सगळी दुभती जनावरं गेली होती, एकट्या हकीमसाहेबांची म्हैस राहिली. त्यांनी दही पुरवलं आणि त्या साली कापूस चांगला झाला. तेव्हापासून तसंच. सगळ्या बायका खालाच्या ओट्यावरून वाटीवाटी दही नेतात, मग जिच्या तिच्या शेतमालकाच्या रानात जातात. खाला स्वतः पूजेत बसत नाही. बांधावर उभी राहते, पदर डोक्यावर घेऊन. दोन घासही कधी घेतले नाहीत तिनं. "मला दही पचत न्हाई," म्हणते.

ज्योती आठवीत गेली त्या साली नवरात्र बसलं, घटातलं धान बोटभर वर आलं होतं. दिवाळी झाली की आमची टोळी ऊसतोडीला निघणार होती. मालक मला म्हणाले, "ज्योतीचं आधार कार्ड दे. शाळेत फोटो लावायचाय, सेनगावला जाऊन येतो दोघं." मी पत्र्याच्या पेटीतून काढून दिलं. मीच काढून दिलं. तिची वेणीही मीच घातली.

दिवस मावळायच्या आत ते एकटेच आले.

"पोरगी?"

"नातेवाइकाकडं हाय. चांगलं घर हाय, रान हाय. दसऱ्याच्या दिवशी उरकून टाकू."

"काय उरकायचं?"

ते हात धुवायला गेले. कोणतं गाव, कोण नातेवाईक, काही सांगेनात. मी पाय धरले. ते बिडी घेऊन बाहेर जाऊन बसले. चौदा वर्षांची पोरगी. तिला भाकरीसुद्धा अजून गोल येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी खालाकडं गेले. ती काही तरी कुटत होती. मी सांगितलं ते तिनं हात न थांबवता ऐकलं. मग बत्ता बाजूला ठेवला. तो तिनं काम अर्धं सोडून ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"चल," ती म्हणाली.

फाट्यावर बबनची जीप उभी असते. रस्त्यावरून कोण गेलं, कोण आलं, सगळं त्याच्या नजरेसमोरून जातं. खाला त्याला "डोळे" म्हणते, त्याला सारखी रांजणवाडी होते.

"डोळे, काल खोकला आन् त्याची पोरगी कुठं उतरले?"

"मला काय ठाव, खाला. किती लोक बसतात."

"तू ह्या रस्त्याचा सूर्य हाय रे. तुला ठाव न्हाई तर कुणाला?"

बबन हसला, मग त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हसायचा थांबला. "हिंगोलीला उतरले. डेपोपाशी एक माणूस उभा होता, पांढऱ्या टोपीचा. पुढचं खरंच ठाव न्हाई. आन् हे मी बोललो न्हाई."

आम्ही त्याच्याच जीपमध्ये हिंगोलीला गेलो. डेपो, स्टेशन, हळदीच्या मार्केटचा रस्ता. चहावाला, केळीवाला, मुतारीपाशी बसलेली बाई, खाला प्रत्येकाला विचारायची, "शाळेच्या कपड्यातली पोरगी, दोन वेण्या, कपाळावर कांजिण्यांचा वण." कुणी पाहिलं नव्हतं. मग लेकरांच्या तक्रारी घेतात त्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं, पाणी दिलं. "गाव कळलं की गाडी घेऊन लगेच निघू," म्हणाल्या. "पण गाव तर सांगा, मावशी." गावच तर नव्हतं.

परत डेपोत येऊन बाकावर बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, खालानं माझं मनगट धरलंय आणि सोडत नाहीये. कित्येक वर्षांत ती हिंगोलीला आली नव्हती. प्रत्येक गाडीच्या हॉर्नला दचकत होती. मला त्याचीच जास्त भीती वाटली. हिला डर लागला तर मी कुणाकडं बघायचं?

"मी सोळाची होते," ती एकदम म्हणाली. "मामू घेऊन गेले. अब्बा दौऱ्यावर होते, अम्मीला आदल्या दिवशी कळलं. तिनं डोळे पुसले आन् वाटंसाठी भाकरी बांधून दिली." थोड्या वेळानं म्हणाली, "मी तिथं पहिल्याच दिवशी पोटभर जेवले. भूक लागली होती गं."

माझ्या पोटात कालपासून काही नव्हतं. तिनं पिशवीतून बाटली काढली. जवाचं पाणी, पुदिना घातलेलं. मी तोंड फिरवलं. तेव्हा त्या म्हाताऱ्या बाईनं माझ्या कानाला लागून माधवरावांच्या मूळव्याधीची आणि त्यांच्या नव्या बुलेटची अशी एक गोष्ट सांगितली, जी मी इथं लिहू शकत नाही. मला हसू फुटलं. भर डेपोत, पोरगी हरवलेली, आणि मी हसत होते. हसता हसता रडायला लागले. तिनं बाटली माझ्या तोंडाला लावली.

"आता बघ," ती म्हणाली, "मी काय करते. पण विस्तव दिसला तरी तू ओरडू नको. ह्या खेपेला तू गप राह्यची."

सीतादहीचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. सकाळी बायका वाट्या घेऊन खालाच्या ओट्यावर आल्या. दह्याची मडकी धुऊन पालथी घातलेली होती.

"खाला, दही?"

"विरजलं न्हाई."

"काहून?"

"एक पोरगी कमी हाय गावात. ती आली की विरजीन."

बायकांमध्ये सगळ्यांत मोठी गयामाय. तिनं पालथ्या मडक्यावर हात फिरवला, मग माझ्याकडं पाहिलं. तिला दोन नाती होत्या. ती ओट्याखाली मातीतच बसली. तिच्यामागं बाकीच्या बसल्या.

दुपारपर्यंत माधवराव आले. "खाला, बोंडं फुटून लोंबायला लागली. आभाळ बघ तिकडं."

"आभाळ मी बघते, तू पोरगी बघ."

"ते त्याच्या घरचं हाय. मी काय करू त्यात? दहीच पाहिजे तर सेनगावहून पाकिटं आणतो."

"पाकिटाचं दही सीतामाईला?" गयामाय खालूनच म्हणाली. "आन् ती बुलेटवरून आणायची का?"

डेपोतली गोष्ट बायकांमध्ये कशी पोचली कोण जाणे. सगळ्या खो खो हसल्या. माधवराव गेले. मग तो दिवस आणि पुढचा दिवस बायका तिथंच, मातीत. एकीनं मालकाची नक्कल केली, दुसरीनं सासऱ्याची. कुणी बाप्या आला की असं काही ऐकवायच्या की तो उंबऱ्यावरूनच परत जायचा. खाला म्हणाली, यूनानात त्या देवीच्या एका सणाला बायका अशाच जमिनीवर बसायच्या, उपास धरायच्या, एकमेकींना फाजील बोलायच्या आणि बापे लोकांना आत येऊ द्यायच्या नाहीत. "मग त्यांचा कापूस कोण वेचायचं?" कुणी तरी विचारलं. "त्यांचा गहू होता," खाला म्हणाली.

मी हसत होते, पण दसरा दोन दिवसांवर आला होता. मनात सारखं एकच, आता हळद लावत असतील.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. सकाळीच, मोठमोठे थेंब. बायका ओट्यावर छपराखाली सरकल्या. लोंबलेला कापूस भिजला की काळा पडतो. दोन बायका उठल्या. "खाला, आमची रोजी हाय," एक म्हणाली. तिचं खोटं नव्हतं. खाला पलंगाखाली होती. विजा कडाडत होत्या. आतूनच तिचा आवाज आला, "जा बाई. मी न्हाई धरत कुणाला." त्या दोघी उभ्या राहिल्या, पावसाकडं पाहिलं आणि परत बसल्या. दही नव्हतंच, जाऊन करायचं काय.

खालाचं रान सगळ्यांत खालच्या अंगाला. वरच्या रानांतलं पाणी तिच्या पऱ्हाटीत उतरलं. पाऊस थांबल्यावर मी जाऊन पाहिलं, निम्म्याहून जास्त कापूस चिखलात पडलेला. मी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "लसूण सोलून झालाय, भाजीला घे."

मग तिनं एका तांब्यात जवाचं पाणी घेतलं आणि मला म्हणाली, "खोकल्याला बोलव."

हे आले. तीन दिवस गावात त्यांच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. खालानं त्यांना आतल्या खोलीत बसवलं. मी कपाटामागं उभी होते. मला वाटलं, आता ही शिव्या देणार.

"घे, पी," ती म्हणाली. "घसा सुकलाय तुझा. आता सांग, तुला डर कशाचा हाय?"

 मग त्यांचा आवाज आला, बारीक.

"तळावर न्हेऊ का तिला? मागल्या साली शेजारच्या कोपीतल्या पोरीचं काय झालं, मी पाह्यलंय, खाला. आमी दोघं फडात, पोरगी दिवसभर कोपीत एकटी. हितं कुणाजवळ ठेवू? माझी आई न्हाई, तिची आई न्हाई. लग्न झालं की नवऱ्याची जिम्मेदारी."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीही तीच पोरगी पाहिली होती, आणि मीही त्यांना कधी बोलले नव्हते. एका कोपीत राहून आम्ही दोघं तीच भीती वेगवेगळी घेऊन झोपत होतो.

"माझ्याजवळ ठेव," खाला म्हणाली.

"तुमच्याजवळ?" ते अडखळले. "लोक काय म्हणतील, खाला? तुमच्या घरी... मंजे तुमच्यात आन् आमच्यात..."

"माझ्या घरचं दही तुझ्या सीतामाईला इतकी वर्षं चालतं," ती म्हणाली. "तुझी पोरगी तिच्याहून मोठी हाय का?"

त्यांनी तांब्या तोंडाला लावला. खाली ठेवला. आणि गावाचं नाव सांगितलं.

खालानं मला हाक मारली नाही, मी कुठं उभी आहे हे तिला ठाऊकच होतं. "धडधड, फोन कर."

ऑफिसातल्या बाई गाडी घेऊन आल्या. खाला माझ्यासोबत बसली, सगळा रस्ता डोळे मिटून, माझं मनगट धरून. ज्योती एका पडवीत बसली होती, नवी साडी नेसवलेली, तिच्यात हरवून गेलेली. चेहरा एवढासा झाला होता. तिनं त्या लोकांना सांगितलं होतं, माझे नवरात्राचे उपास आहेत. त्यांनी शिरा केला, पुरी केली, शेवटी साबुदाणा आणला. तिनं काही घेतलं नाही. गोड खाल्लं म्हणजे होकार झाला, असं ती बिचारी धरून बसली होती.

गाडीत बसल्यावर मी तिला पहिलं काय विचारलं असेल? "काही खाल्लंस का गं?" तिनं खालाकडं पाहिलं आणि रडायला लागली.

"काल चक्कर आली, खाला. शेंगदाणे खाल्ले."

"किती?"

"सहा. का सात."

खालानं खूप विचार केल्यासारखं केलं. "सहाच धरू. मग सहा महिने माझ्याकडं, सहा महिने आईकडं. काय इलाज न्हाई आता, नियम हाय."

गाडीतल्या बाई आमच्याकडं बघत राहिल्या. आम्ही तिघी का हसतोय ते त्यांना कळलं नाही.

घरी आल्यावर खालानं मडकी सुलटी केली आणि दूध तापवलं. सीतादही दसऱ्याच्या दिवशी झालं, भिजलेल्या पऱ्हाटीत. गयामायनं पहिलं बोंड वेचून हातात वर धरलं, अर्धं पांढरं, अर्धं मातकट, आणि सगळ्या बायका त्याच्याकडं बघत राहिल्या. खालानं मागं सांगितलं होतं, त्या देवीच्या मोठ्या पूजेत शेवटी लोकांना काही तरी दाखवायचे आणि ते कुणाला सांगायचं नाही अशी शपथ असायची. शेकडो वर्षं माणसं त्या पूजेला जात राहिली, पण कुणी फोडलं नाही. काही म्हणतात, नुसतं एक कापलेलं कणीस वर धरायचे. मला तेव्हा ते खरं वाटलं. माझा हात ज्योतीच्या खांद्यावर होता. छातीत धडधड नव्हती. खाला बांधावर उभी होती, तिच्या स्वतःच्या रानात वेचण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून दिवाळीनंतर आम्ही निघतो आणि ज्योती खालाकडं राहते. लोक बोलले, अजूनही बोलतात. खालानं ज्योतीला उर्दू शिकवली. मला वाटलं, पोरीला विद्या यावी म्हणून. खरं कारण वेगळं होतं, ते मला यंदा कळलं. खालाला आता पुस्तकातलं दिसत नाही.

यंदा आमचा ट्रक सकाळीच निघाला. फाट्यावर तीन ट्रक उभे होते, तीन टोळ्यांचे. खाला ज्योतीला घेऊन आली होती. नीट पाहिलं तर ज्योती तिला घेऊन आली होती, मनगट धरून. चष्मा सुतळीनं बांधलेलाच, पण त्याचा आता उपयोग नाही. ट्रक सुरू झाला. खालानं हात वर केला आणि हलवायला लागली, दुसऱ्याच ट्रककडं तोंड करून. "धडधड, हात हलव गं," ती ओरडत होती, "हात हलव." ज्योतीनं तिला खांद्याला धरून हळूच वळवलं, तिचा हात आमच्याकडं केला. मग ती बराबर आमच्याकडं बघून हात हलवत राहिली. मीही हलवत होते. तिला दिसत नव्हतं.

इथं रोज ऊस तोडताना मला भीती वाटते. ज्योतीची, खालाच्या डोळ्यांची, तिला वीज कडाडल्यावर पलंगाखाली जाताना काही लागेल त्याची. हात हलवत राहते. पण एक ठरवलंय, आणि लिहून ठेवलं म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. ज्या साली हा कोयता सुटेल, त्या साली नवरात्रात खालाच्या म्हशीचं दूध मी काढीन, दही मी विरजीन. आणि सीतादहीला तिला बांधावर उभं राहू देणार नाही. खाली आमच्यात बसवीन, आणि पहिला घास माझ्या हातानं तिच्या तोंडात घालीन. पचत नाही म्हणाली तरी.